दोघं एकाच वेळी आले तर?

"ताई, हा रिपोर्ट माझ्या आईचा नाहीये."

संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. साल 2014. आमची पाच-सहा जणांची कंपनी पुण्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती, आणि सपोर्टचा फोन सगळ्यात नवीन माणसाच्या टेबलावर ठेवायची पद्धत होती. सगळ्यात नवीन मी होते.

मला वाटलं, नंबर टाकताना चूक झाली असेल. तसे फोन रोज यायचे. मी नेहमीचं सुरू केलं, "काका, एसएमएसमधला नंबर परत एकदा बघून टाकता का?"

"नंबर बरोबर आहे. मी लिंकवरूनच उघडला. पण नाव दुसऱ्याच मुलीचं आहे." मग ते जरा थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "मी पुढचं वाचलं नाही हो. पण नाव दिसलं ना. आमच्याच गल्लीतली आहे ती."

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण रिपोर्ट दाखवणारं ते पान मी लिहिलेलं होतं.

एका पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही हे छोटं काम केलं होतं. पेशंटनं नंबर आणि पासवर्ड टाकायचा, त्याला त्याच्या रिपोर्टची पीडीएफ मिळायची. आठ महिने ते बिनतक्रार चाललं होतं. त्या आठवड्यात लॅबनं एक नवी सोय सुरू केली होती: सकाळी रक्त दिलेल्या सगळ्यांना संध्याकाळी बरोबर सहा वाजता एकगठ्ठा एसएमएस. तोपर्यंत लोक आपापल्या सवडीनं रिपोर्ट बघायचे. आता सहा वाजून एक मिनिटानं सगळे एकदम बघायला लागले.

तो रिपोर्ट कसला होता ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं नाही.

*

काय झालं होतं ते सांगायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल. पण आमच्या घरचं किराणा दुकान आहे, त्यामुळे मला हे सगळं दुकानातूनच समजतं. तुम्हालाही तसंच सांगते.

कॉलेजात आम्ही जे प्रोग्रॅम लिहायचो, ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालायचे. प्रोग्रॅम एक, वापरणारा एक. शेजारच्या मुलीनं तोच प्रोग्रॅम चालवला, तर तिच्या मशिनवर त्याची तिची वेगळी प्रत चालायची. ती काय टाइप करते त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. तीन वर्षं असं शिकल्यावर डोक्यात एक गोष्ट न सांगता पक्की बसते, की मी लिहिलेल्या कोडसमोर एका वेळी एकच माणूस बसलेला असतो.

सर्व्हरवर तसं नसतं. आम्ही जावात सर्व्हलेट वापरत होतो. सर्व्हलेट म्हणजे ब्राउझरकडून आलेली मागणी घेणारा आणि उत्तर परत पाठवणारा एक क्लास. सर्व्हर चालू झाला, की या क्लासचा साधारणपणे एकच ऑब्जेक्ट तयार होतो. एकच. मग दहा लोक येवोत की हजार, प्रत्येकाच्या मागणीसाठी वेगळा थ्रेड, म्हणजे वेगळा कामगार, मिळतो. पण हे सगळे कामगार वावरतात त्या एकाच ऑब्जेक्टमध्ये. दुकान एक आणि त्यात दहा नोकर, असं समजा.

माझ्या क्लासमध्ये तीन मेथड होत्या. एक पासवर्ड तपासायची, एक डेटाबेसमधून निकाल आणायची, एक पीडीएफ बनवायची. तिन्हींना पेशंटचा नंबर लागायचा. तो दर वेळी एकीकडून दुसरीकडे पाठवत बसायचा मला कंटाळा आला. म्हणून मी क्लासच्या अगदी वर एक व्हेरिएबल केलं, आलेला नंबर त्यात ठेवला, आणि तिन्ही मेथड तिथूनच वाचायला लागल्या. कोड किती सुटसुटीत झाला याचा मला आनंदही झाला होता.

ते व्हेरिएबल म्हणजे दुकानाच्या भिंतीवर टांगलेली एक पाटी होती. गिऱ्हाईक आलं, की नोकर त्याचा नंबर पाटीवर लिहिणार, आत गोदामात जाणार, माल काढणार, आणि कोणाला द्यायचा ते विसरू नये म्हणून पुन्हा पाटीकडे बघणार. दुकानात एकच गिऱ्हाईक असेल तर काही बिघडत नाही. दोघं एकाच वेळी आले तर? पहिला नोकर गोदामात असतानाच दुसरा येतो, पाटी पुसतो, आपल्या गिऱ्हाइकाचा नंबर लिहितो. पहिला बाहेर येऊन पाटी वाचतो.

त्या काकांचा पासवर्ड बरोबर तपासला गेला होता. तपासून झाल्यावर आणि पीडीएफ बनायच्या आधी, अर्ध्या सेकंदाच्या आत कुठेतरी, त्या मुलीनं स्वतःचा रिपोर्ट उघडला होता. पाटी पुसली गेली. काकांच्या हातात तिचा कागद पडला.

कुठलाही एरर आला नाही. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. सर्व्हरच्या मते सगळं सुरळीत चाललं होतं. त्याला सांगितलं होतं पाटीवरचा नंबर वाच, त्यानं वाचला.

*

मॅडमना, म्हणजे आमच्या टीम लीडना, मी फोनवर रडतच सांगितलं. त्या घरी पोचल्या होत्या, तशाच परत आल्या. माझा कोड बघायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "टेस्ट कसं केलं होतंस?"

"माझा नंबर टाकून. मग दुसरा नंबर टाकून. मग चुकीचा पासवर्ड टाकून."

"एकामागून एक?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. आमच्या टेस्टरनंही तसंच केलं होतं. लॅबच्या लोकांनीही. सगळ्यांनी एकेकट्यानं तपासलं होतं, आणि एकेकट्यासाठी ते बरोबरच होतं.

त्या रात्री त्यांनी तात्पुरता उपाय केला: त्या सगळ्या कामाला एक कुलूप. जावात त्यासाठी एक शब्द आहे, सिंक्रोनाइज्ड. तो लावला की एका वेळी एकच कामगार आत. त्याचं पूर्ण होईस्तोवर बाकीचे दाराबाहेर उभे. कागद चुकीच्या हातात जायचा थांबला, पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता बाहेर अशी रांग लागली, की मागच्यांचं पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. "साइट बंद आहे का?" म्हणून पुन्हा फोन.

त्याच रात्री मी खरा बदल केला. क्लासच्या वरचं ते व्हेरिएबल काढून टाकलं, आणि नंबर मेथडच्या आत घेऊन एका मेथडकडून दुसरीकडे पाठवला. मेथडच्या आत जन्मलेलं व्हेरिएबल ज्या त्या थ्रेडच्या स्वतःच्या जागेत राहतं. दुसऱ्याला ते दिसतही नाही, पुसायचं तर लांबच. काम संपलं की तेही संपतं. सगळा मिळून सहा ओळींचा बदल. ज्याचा मला कंटाळा आला होता, नेमका तोच.

*

या चुकीत मी एकटी नाही, हे मला नंतर कळलं. पण त्यानं बरं वाटलं असं म्हणता येणार नाही.

25 डिसेंबर 2015 ला स्टीम या गेमच्या दुकानात लोक स्वतःचं खातं उघडत होते आणि त्यांना दुसऱ्याच कोणाचं तरी पान दिसत होतं. सर्व्हरवर हल्ला होऊन गर्दी वाढली म्हणून पानांच्या प्रती साठवून वाटायचे नियम बदलले होते, आणि त्यात एकाचं खासगी पान सगळ्यांसाठीचं समजून वाटलं गेलं. कंपनीनंच नंतर सांगितलं, की साधारण 34 हजार लोकांची माहिती अशी उघडी पडली असावी. 20 मार्च 2023 ला चॅटजीपीटीच्या काही वापरणाऱ्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली. तिथे डेटा आणणारी जोडणी अनेकांमध्ये वाटून वापरली जात होती. एकानं मागणी करून अर्ध्यात सोडली, तिचं उत्तर त्या जोडणीत तसंच राहिलं, आणि पुढे ती जोडणी ज्याच्या वाट्याला आली त्याला ते मिळालं. पाटीच्या जागी तिथे ही जोडणी होती, एवढाच फरक.

याची मुळं जुनी आहेत. वेब ज्यावर चालतं त्या एचटीटीपीला मुळात स्मरणशक्तीच नाही. प्रत्येक मागणी त्याच्यासाठी नव्या माणसाची. आत्ताच येऊन गेलेला हाच, हे त्याला कळत नाही. 1994 मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी यावर कुकी काढली: ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी द्यायची, दर वेळी येताना त्यानं ती दाखवायची. तेव्हा प्रश्न होता ऑनलाइन खरेदीच्या टोपलीचा. ही टोपली कोणाची, हे लक्षात कोण ठेवणार? दुकानानं की गिऱ्हाइकानं?

सर्व्हर लिहिणाऱ्यांपुढे तेव्हापासून हाच प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफमध्ये त्याची तीन उत्तरं सरळ तीन नावांनी दिली होती: पर-कॉल, पर-सेशन आणि सिंगल. दर मागणीला नवा ऑब्जेक्ट, दर गिऱ्हाइकाला एक ऑब्जेक्ट, किंवा सगळ्यांत मिळून एकच. तुम्ही आज पीएचपी लिहीत असाल, तर नेहमीच्या पद्धतीत दर मागणीला पाटी कोरी मिळते. नोडमध्ये फाइलच्या वर लिहिलेलं व्हेरिएबल त्या प्रोसेसमध्ये येणाऱ्या सगळ्यांचं असतं. जावाच्या स्प्रिंगमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही, तर ऑब्जेक्ट एकच बनतो. म्हणजे मी केलेली चूक करायची सोय आजही आहे.

*

त्या शनिवारी मी गावी गेले. एसटी स्टँडवरून सरळ दुकानात. अप्पा गल्ल्यावर होते, आणि संध्याकाळची गर्दी होती.

लहानपणापासून बघितलेलं दुकान मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. साखरेचं पोतं एक, सगळ्यांना मिळून. काटा एक. भावाचा फळा एक, तो सकाळी एकदा लिहायचा, मग दिवसभर सगळ्यांनी वाचायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा फळा लिहून दिला तर अप्पांचा दिवस त्यातच जाईल. आमच्या कोडमध्ये चाचण्यांची नावं आणि हिमोग्लोबिन वगैरेंची नॉर्मल रेंज अशीच एकदा भरून ठेवलेली होती, आणि ते बरोबरच होतं. समजा ती यादी दोन एमबीची, आणि पाचशे माणसांना पाचशे प्रती दिल्या, तर एक जीबी नुसत्या त्यातच गेली. म्हणजे सामायिक ठेवणं हाच गुन्हा असं नाही. जे कोणा एकाचं नाही, आणि जे दिवसात बदलत नाही, ते खुशाल सामायिक ठेवावं. पोत्यातली साखर मात्र सगळ्यांची असूनही दर गिऱ्हाइकामागे कमी होते. तिथे काट्यापाशी एका वेळी एकालाच उभं राहावं लागतं. कुलूप हवं ते तिथे, आणि तेवढ्यापुरतंच. आम्ही ते दुकानाच्या दाराला लावलं होतं.

आणि हिशोब? तो अप्पा रद्दीच्या कागदाच्या तुकड्यावर करायचे. दर गिऱ्हाइकाला नवा तुकडा. तीन बायका एकदम आल्या तर तीन तुकडे, ज्याच्या त्याच्या पिशवीखाली दाबलेले. पैसे दिले, की तुकडा पुड्याबरोबर तिकडेच.

उधारीवाल्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी मोठी वही, दर घराला एक पान. हे झालं सेशन. शिवाय काही जणांकडे त्यांची त्यांची छोटी वही असायची. ती ते घेऊन यायचे, अप्पा त्यात लिहायचे आणि दर नोंदीपुढे सही करायचे. म्हणजे वही गिऱ्हाइकाकडे, पण त्यानं आकडा बदलला तर सहीवरून कळणार. आजकाल लॉगिनसाठी जे सही केलेलं टोकन फोनमध्ये राहतं, ते हेच. त्याचा फायदाही तोच: मोठी वही बाजारपेठेतल्या दुकानात राहिली आणि गिऱ्हाईक काकांच्या दुकानात गेलं, तरी अडत नाही.

गर्दी ओसरल्यावर अप्पांनी विचारलं, "तोंड का उतरलंय तुझं?"

मी सांगितलं. सर्व्हर, थ्रेड काही न म्हणता, पाटी आणि नोकर म्हणून.

"म्हंजे एकाचा हिशोब दुसऱ्याच्या पिशवीत गेला म्हण की."

"हिशोब असता तर चाललं असतं अप्पा. तुम्ही नुसता बदलून दिला असता."

ते काही बोलले नाहीत. उधारीची वही पुढे ओढली आणि उघडून दाखवली. पानावर एक जाड पुठ्ठा ठेवलेला असायचा, हे मी हजारदा पाहिलं होतं. मला वाटायचं, पान उडू नये म्हणून.

"तू चौथी-पाचवीत असशील," ते म्हणाले. "एकजण आलता. उधारी बरीच थकलीवती त्याची. मी गर्दीच्या तंद्रीत मोठ्यानं आकडा वाचला. बाजूला त्याच्या पोरीला बघाय आलेले पाव्हणे उभे. मला काय ठावं?"

"मग?"

"मग काय. आठ दिवसांत पै न् पै आणून दिली. परत दुकानाची पायरी चढला न्हाई."

त्या पोरीच्या लग्नाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. अप्पांनीही सांगितलं नाही. पुठ्ठा पुन्हा वहीवर ठेवला आणि उठून शटर अर्धं ओढलं.

*

पुण्यात परत आल्यावर एक काम उरलं होतं. लॅबच्या डॉक्टरांनी त्या मुलीला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. काका भले गृहस्थ होते, ते काही बोलले नसते. पण डॉक्टर म्हणाल्या, तिचं आहे, तिला कळलं पाहिजे. त्या बोलत होत्या तेव्हा मॅडम आणि मी समोर बसलो होतो, काही तांत्रिक विचारलं तर सांगायला म्हणून.

तिनं एकच प्रश्न विचारला. "अजून कोणी बघितला?"

डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. मी लॉग काढून आणले होते. पण लॉगमध्ये लिहिलेलं होतं ते कोणी कुठला नंबर मागितला हे. शेवटी कोणाला काय पाठवलं गेलं हे लिहायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मागितलेलं आणि दिलेलं एकच असणार, असं मी धरून चालले होते. त्या लॉगनुसार काकांनी आईचा रिपोर्ट मागितला आणि त्यांना तो मिळाला.

एसएमएस सुरू झाल्यापासूनच्या संध्याकाळी ज्या ज्या मागण्या एकमेकींवर आल्या होत्या, त्यांची आम्ही वेळेवरून यादी केली. लॅबनं त्यातल्या प्रत्येकाला फोन केला. दोघं-तिघं म्हणाले, हो, दुसरंच काहीतरी उघडलं होतं, मग रिफ्रेश केल्यावर बरोबर आलं. बाकीचे नाही म्हणाले. खरंच नाही की लक्षात नाही, ते कसं कळणार? तिच्या प्रश्नाला आम्ही दिलेलं उत्तर होतं, "आम्हाला माहीत आहे त्याप्रमाणे, नाही." हे उत्तर "नाही" पेक्षा किती वेगळं आहे, हे तिला समजलं असणार. ती फक्त "बरं" म्हणाली.

आता मी दुसऱ्यांचा कोड तपासते. नव्या मुलांना मी एक गोष्ट करायला लावते. दोन ब्राउझर उघडा, दोन वेगळ्या माणसांनी लॉगिन करा. कोडमध्ये मधोमध मुद्दाम पाच सेकंद थांबायची ओळ घाला. मग पहिल्यात बटण दाबा, आणि ते थांबलेलं असताना दुसऱ्यात दाबा. बघा कोणाला काय मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि प्रत्येक व्हेरिएबलपाशी विचारा: हे कोणाचं आहे? सगळ्यांचं, या माणसाचं, की फक्त या एका मागणीचं? उत्तर देता आलं नाही, तर तिथे थांबा. मुलं हसतात. "मॅम, एवढी गर्दी होणारे का आपल्या ॲपला?" असं विचारतात. गर्दी लागत नाही, मी सांगते. दोन माणसं पुरतात.

त्या मुलीला मी कधी भेटले नाही. तिचं नाव मी प्रयत्नानं विसरले आहे, असं स्वतःला सांगते. पण लॉगमध्ये शोधताना तो नंबर इतक्यांदा टाइप केला, की आठ आकडी नंबर अजून पाठ आहे. तोही खरं तर माझ्याकडे असायला नको होता.